वळवानं पत्रे उडाले, तर विम्याचा क्लेम कसा करायचा आणि मदत कुणाची घ्यायची

वैशाखात दुपारी चारच्या सुमाराला कोरेगावच्या बाजूनं आभाळ काळं व्हायला लागलं, की साताऱ्यात घरोघरी एकच धावपळ सुरू होते. गच्चीवरचं वाळवण उचला, गाडी झाडाखालून काढा. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्याकडेही तेच चाललं होतं. बायको सांडग्यांची ताटं घेऊन जिन्यात पोचते न पोचते तोच वर असा आवाज झाला, की कुणी ट्रकभर लोखंड ओतलं असं वाटावं. दहा मिनिटांत वारा निवला. वर जाऊन बघतो तर शेडचे अर्धे पत्रे गायब. चार पत्रे शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर पडलेले आणि एक रस्त्यावरच्या विजेच्या तारेला लोंबकळतोय.

नुकसानीचं कोटेशन झालं १,३८,००० रुपये. कंपनीनं आधी देऊ केले ५२,०००, आणि शेवटी हातात आले १,२१,०००. या मधल्या चार महिन्यांत जे शिकलो ते इथं मांडतोय. आता गल्लीत कुणाचं कौल जरी सरकलं तरी फोन मला येतो, त्यामुळे इतरांचे अनुभवही यात आले आहेत.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. कंपनीचा माणूस एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत तुमच्या जिन्यानं वर येतो: छप्पर वाऱ्यानं गेलं की वयानं? वाऱ्यानं गेलं असेल तर पैसे मिळतात. गंज, जुनी गळती, कुजलेले वासे, म्हणजे झिजून झालेलं नुकसान विम्यात बसत नाही. पुढची सगळी धडपड या एका प्रश्नाचं खरं उत्तर पुराव्यानिशी देण्यासाठी आहे.

आधी तार, मग पत्रा

तारेला पत्रा अडकला असेल किंवा गच्ची ओली असताना वायर तुटून पडली असेल, तर वर जायचं नाही. मेन स्विच बंद करा आणि महावितरणला १९१२ वर फोन लावा. आमच्या गल्लीतला एक पोरगा बांबूनं पत्रा काढायला निघाला होता, त्याला चारचौघांनी धरून ठेवलं. फोटोही तोवर खालूनच काढा.

तुमचा विमा आहे का? कदाचित असेल, तुम्हालाच ठाऊक नसेल

निम्मे लोक इथंच म्हणतात, "आमचा कुठला घराचा विमा!" पण गृहकर्ज घेतलं असेल तर बँकेनं कर्जासोबतच घराचा विमा उतरवलेला असण्याची बरीच शक्यता असते. कर्जाचं खातं किंवा मंजुरीचं पत्र काढा आणि विम्याच्या हप्त्याची नोंद शोधा. नाही सापडली तर शाखेत जाऊन लेखी विचारा.

यात एक घोळ नेहमीचा आहे. कर्जासोबत दिलेला विमा पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, म्हणजे माणूस गेला तर कर्ज फिटावं म्हणून. छप्पर उडाल्यावर तो कामाचा नाही. पॉलिसीवर 'इमारत' किंवा 'बिल्डिंग' असं लिहून त्यापुढे रक्कम आहे का ते बघा. नुसतं 'घरातील सामान' लिहिलं असेल तर पत्र्यांचे पैसे मिळणार नाहीत. भिजलेल्या टीव्हीचे मात्र मागता येतील.

एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. तिच्यात वादळ, पूर, वीज, भूकंप, दरड, झाड कोसळणं हे सगळं येतं. इमारतीचा विमा असेल तर सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख, एवढं संरक्षण आपोआप मिळतं. सोलर पॅनेल, पाण्याची टाकी, कंपाउंडची भिंत, व्हरांडा हेही घराचाच भाग धरले जातात, मात्र विम्याची रक्कम ठरवताना त्यांची किंमत धरलेली असायला हवी. मलबा उचलण्यासाठी क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत पैसे मिळतात. कोटेशनमध्ये हे दोन खर्च बहुतेक जण मागायचेच विसरतात.

तिचा आणखी मोठा फायदा असा, की घराचा विमा कमी रकमेचा उतरवला म्हणून क्लेम त्या प्रमाणात कापत नाहीत. जुन्या पद्धतीच्या आगीच्या पॉलिसीत कापतात. घर बांधायला २० लाख लागतील, विमा १० लाखांचा आणि नुकसान १ लाखाचं, तर हातात ५० हजार. म्हणून आपली पॉलिसी कोणती हे पहिल्या पानावर बघून मगच फोन उचला.

झापाचं किंवा नुसत्या ताडपत्रीचं छप्पर असेल तर ते कच्चं बांधकाम धरतात आणि तिथं अडचण येते. मंगलोरी कौलं, सिमेंटचे पत्रे, लोखंडी पत्रे यांना ती अडचण नाही.

पहिले दोन दिवस: भंगारवाल्याला फाटकातून परत पाठवा

वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता भंगारवाल्याची गाडी गल्लीत हजर. चुरगळलेले पत्रे बघून तो लगेच भाव सांगतो आणि आपल्यालाही अंगणातली अडगळ नकोशी झालेली असते. शेजारच्या काकांनी दिले, बावीसशे रुपयांना. चार दिवसांनी सर्वेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीनं नेमलेला माणूस, आला आणि म्हणाला, "पत्रे दाखवा." दाखवायला काहीच नव्हतं. त्यांच्या क्लेमचं गाडं तिथंच रुतलं.

पत्रे का ठेवायचे ते मला सर्वेअरनंच दाखवलं. त्यानं एक पत्रा उलटा केला आणि जे-हुकच्या, म्हणजे पत्रा धरून ठेवणाऱ्या वाकड्या हुकच्या, भोकावर बोट ठेवलं. वाऱ्यानं पत्रा उचलला की हुक तिथंच राहतो आणि पत्रा त्यातून फाटत निघतो. त्यामुळे भोक लांबट होतं, कडा बाहेर वळलेल्या असतात आणि फाटलेली कड चकचकीत दिसते. गंजून गेलेल्या पत्र्याचं भोक वेगळं असतं: कड पातळ आणि तपकिरी, नखानं खरवडली तर भुगा पडतो. वाऱ्यानं की वयानं, याचं उत्तर त्या बोटभर भोकात लिहिलेलं असतं. पण ती चकाकी चार-दोन पावसांत जाते. म्हणून फोटो त्याच दिवशी, जवळून, शेजारी नाणं किंवा टेप ठेवून काढा.

फोटोंचा क्रम मी असा ठेवतो: आधी रस्त्यावरून अख्खं घर, मग गच्चीच्या चारही कोपऱ्यांतून, मग उघडी पडलेली कैची (पत्र्यांखालचा सांगाडा), वाकलेले अँगल, तुटलेले वेल्डिंग, आणि शेवटी भोकं. पत्रे जिथं जाऊन पडले तिथलेही फोटो घ्या. शेजाऱ्याच्या टाकीवर पडलेला पत्रा वाऱ्याचा जोर जेवढा सांगतो तेवढं दुसरं काही सांगत नाही. तारीख, वेळ आणि ठिकाण फोटोवर उमटवणारं ॲप वापरा. एक सलग व्हिडिओ काढा, त्यात तारीख आणि पत्ता तोंडानं बोला.

छप्पर आधी कसं होतं याचे फोटोही तितकेच मोलाचे. कुणाकडे नसतात असं वाटतं, पण असतात. आम्हाला आमच्या शेडचा सगळ्यात चांगला फोटो पुतणीच्या बारशाच्या अल्बममध्ये सापडला. सगळे नातेवाईक ओळीनं उभे आणि मागे सरळ, नीट रंगवलेले पत्रे.

फोटो झाले की उघड्या भागावर ताडपत्री बांधा. नुकसान वाढू नये म्हणून साधी काळजी घेणं पॉलिसीत तुमच्यावरच असतं. 'सर्वेअर येईपर्यंत हात लावायचा नाही' म्हणून घर भिजत ठेवलं, तर वाढलेलं नुकसान तुमच्याच माथी येतं. ताडपत्री, दोरी, मजुरी यांची बिलं घ्या. नवे पत्रे मात्र अजून चढवू नका. निकड असेल तर कंपनीला मेल करून 'अमुक तारखेला काम सुरू करतोय, त्याआधी पाहणी करा' असं कळवा.

कळवताना शब्द जपून

कंपनीच्या टोल फ्री नंबरवर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कळवा आणि क्लेम नंबर घ्या. भारत गृह रक्षात क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो, पण तेवढं थांबायचं कशाला? फोन झाल्यावर तोच मजकूर मेलवरही पाठवा. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा नंतर सापडत नाही.

"छत गळतंय" असं सांगू नका. गळती हा शब्द त्यांच्याकडे झिजेच्या खात्यात जातो. जे घडलं ते सरळ सांगा: अमुक तारखेला, अमुक वाजता वादळी वाऱ्यानं छपराचे इतके पत्रे उडाले आणि त्यानंतरच्या पावसात आतलं अमुक सामान भिजलं. खोटं एक अक्षर घालायचं नाही. खोटं उघडं पडलं तर अख्खा क्लेम जातो.

कर्ज चालू असेल तर बँकेलाही कळवा. पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर रक्कम बँकेकडे जाऊ शकते. दुरुस्तीसाठी ती तुमच्या खात्यात सोडायला बँकेचं ना हरकत पत्र लागतं आणि त्यात दिवस जातात.

पॉलिसी वडिलांच्या नावावर आणि वडील हयात नाहीत, असं जुन्या घरांत सर्रास असतं. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि घराचा उतारा तयार ठेवा. गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८, शहरात नगरपालिकेचा असेसमेंट उतारा किंवा सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड.

तलाठ्याचा पंचनामा

हा विम्याचा भाग नाही, तरी करून घ्याच. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण तलाठी म्हटल्याशिवाय कुणाला कळत नाही. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळातल्या आपत्ती मदतीच्या निकषांत पक्क्या घराचं किमान १५ टक्के नुकसान झालं असेल तर ६,५०० रुपये ठरवलेले होते आणि घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १,२०,००० रुपये. ६,५०० मध्ये पत्र्याचा एक कोपरा होईल. पण पंचनाम्याचं खरं मोल वेगळं आहे: 'वादळी वाऱ्याने' असं सरकारी कागदावर तारखेसह लिहून येतं. सही करण्याआधी तो शब्द आहे का ते वाचा, आणि नक्कल मागून घ्या.

त्याच जोडीला त्या दिवसाच्या स्थानिक पेपरातलं कात्रण ठेवा. आपल्या महसूल मंडळाची पावसाची नोंद कृषी विभागाच्या संकेतस्थळावर मिळते, तीही छापून घ्या. पाटण, जावळीकडच्या वाड्यावस्त्यांवर 'त्या दिवशी वादळ झालंच नाही' हा आक्षेप हमखास येतो, कारण वळीव एका शिवारात धिंगाणा घालतो आणि शेजारच्या शिवारात थेंब नसतो.

सर्वेअर आला की

सर्वेअर परवानाधारक असतो. त्याची फी कंपनी देते, तुम्हाला एक रुपयाही द्यायचा नाही. विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्वेअर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा अहवाल यायचा आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा. मोठं वादळ झालं की हे दिवस लांबतात, पण मेलमध्ये हा हिशोब लिहिला की गाडी हलते.

तो आला त्या दिवशी घरात एकानंच बोलायचं, हे मी अनुभवानं सांगतोय. मी सर्वेअरला कैची दाखवत होतो आणि खाली आई त्याच्या मदतनिसाला चहा देताना सांगत होती, "अहो, दर पावसाळ्यात बादल्या मांडतोच की आम्ही." मदतनिसानं वहीत टिपून घेतलं. गळती खरीच होती, पण ती जिन्याच्या भिंतीतून, शेडशी तिचा काही संबंध नव्हता. ते समजावून सांगायला मला पुढं दोन मेल आणि जिन्याच्या भिंतीचे सहा फोटो लागले. आई म्हणते, "मी काय खोटं बोलले?" खोटं नव्हतंच ते. अर्धंच होतं.

सर्वेअर हमखास विचारतो: पत्रे कधी घातले, कुणी घातले, बिल आहे का, शेवटचा रंग कधी दिला, शेड वापरता कशासाठी? उत्तरं आधीच एका कागदावर लिहून ठेवा. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा, अंदाजानं 'वीसेक वर्षं झाली असतील' म्हणू नका. बिल नसेल तर ज्या फॅब्रिकेटरनं काम केलं त्याला शोधा, त्याच्या वहीत नोंद असते. जाण्याआधी सर्वेअरसोबत पत्रे मोजा आणि तो आकडा त्याच संध्याकाळी त्याला मेल करा: 'आज पाहणीत इतके पत्रे, इतके अँगल खराब दिसले.'

गच्चीवरची शेड पॉलिसी घेतल्यानंतर बांधली असेल तर वाद होतो. शेडला भिंती घालून खोली केली असेल आणि घराचा कार्पेट एरिया १० टक्क्यांहून जास्त वाढला असेल, तर कंपनीला कळवून जादा हप्ता भरल्याशिवाय त्या वाढीव भागाला संरक्षण नाही.

कोटेशन

'शेड दुरुस्ती, एकूण १,३८,०००' अशी एका ओळीची चिठ्ठी देऊ नका. फॅब्रिकेटरकडून जीएसटी नंबरच्या लेटरहेडवर फोड करून घ्या: पत्र्याची जाडी, लांबी आणि नग, अँगल आणि चॅनेलचं वजन, जे-हुक, वॉशर, वेल्डिंग, मजुरी, माल वर चढवण्याचा खर्च, मलबा उचलणं. दोन वेगळ्या लोकांची कोटेशनं असली तर बरं.

जे होतं त्याच दर्जाचं मागा. सिमेंटचे पत्रे होते आणि आता रंगीत लोखंडी हवेत, तर फरक आपल्या खिशातून जाणार. माझे १,३८,००० चे १,२१,००० झाले ते बहुतेक याच कारणानं, आणि ते रास्तच होतं. जुन्या पत्र्यांची भंगाराची किंमतही वजा होते. हिशोब झाल्यावर मग बोलवा भंगारवाल्याला.

मदत कुणाची घ्यायची

ज्याच्याकडून पॉलिसी घेतली त्या एजंटला पहिला फोन करा. कोणता कागद कुठं पाठवायचा हे त्याला माहीत असतं आणि त्याचे पैसे त्यानं मागायचे नाहीत की तुम्ही द्यायचे नाहीत, त्याला कमिशन कंपनी देते. बँकेतून घेतलेल्या पॉलिसीत मात्र ज्यानं विकली तो बदलून गेलेला असतो, मग शाखाधिकाऱ्यालाच धरा.

वादळानंतर आणखी एक जमात उगवते: 'क्लेम पास करून देतो, वीस टक्के द्या.' काही पत्रेवालेही म्हणतात, "सही करा, कंपनीचं आम्ही बघतो." यांना परवाना लागत नाही आणि जबाबदारीही नसते. वाढवून केलेल्या बिलाखाली सही मात्र तुमची असते. पत्रेवाल्याकडून पत्रे घालून घ्या, क्लेम स्वतः करा. क्लेम तयार करायला कुणाला पैसे दिलेत तर तो खर्च पॉलिसीत मिळतही नाही.

शेजाऱ्याची टाकी फुटली तिचं काय? आपल्या घराच्या विम्यात दुसऱ्याचं नुकसान येत नाही. शेजाऱ्याच्या घराचा विमा असेल तर त्यांनी तो वापरावा, गाडीवर पत्रा पडला असेल तर गाडीच्या सर्वंकष पॉलिसीतून. आम्ही टाकी निम्मी-निम्मी केली. रोज तोंड बघायचंय.

रक्कम कमी आली किंवा नकार आला तर

आधी सर्वेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागा, ती मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. माझ्या अहवालात पत्र्यांवर वयाची घट म्हणून मोठी रक्कम कापली होती. भारत गृह रक्षात इमारतीची दुरुस्ती नव्या किमतीनं धरायची असते. ते कलम उतरवून, भोकांचे फोटो आणि पंचनामा जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. चोविसाव्या दिवशी सुधारित रक्कम आली. वकील लागला नाही.

'पूर्ण आणि अंतिम' असं लिहिलेल्या पावतीवर घाईनं सही करू नका. पैशांची गरज आहे आणि रक्कम मान्य नाही, तर सहीशेजारी 'हक्क राखून, आक्षेपासह' असं लिहा आणि तसा मेलही करा.

कंपनीनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाका किंवा १५५२५५ वर फोन करा. त्यानंतरची पायरी विमा लोकपाल. साताऱ्या-सांगलीसाठी लोकपाल पुण्यात बसतात. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांसाठी तिथं फी नाही आणि वकीलही चालत नाही, आपणच आपलं सांगायचं. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षात अर्ज जायला हवा, आणि तोच वाद ग्राहक आयोगात चालू असता कामा नये. निवाडा तुमच्या बाजूनं झाला तर कंपनीला तो ३० दिवसांत पाळावा लागतो, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, मुदत दोन वर्षांची, पण तारखांवर तारखा पडतात. पत्र्यांच्या क्लेमसाठी मी तरी आधी लोकपालाकडेच जाईन.

पैसे आल्यावर शेड नव्यानं घातली तेव्हा फॅब्रिकेटरला कडेच्या दोन ओळींत हुक दुप्पट लावायला सांगितले. गच्चीवरची शेड चारी बाजूंनी मोकळी असते, वारा खालून शिरून उचलतो आणि वरून ओढही बसते, त्यामुळे पहिला पत्रा नेहमी कडेचाच सुटतो. आता पाडव्याला गुढी उभारायला वर गेलो की पान्यानं नट आवळून घेतो आणि मोबाईलवर शेडचे चार फोटो काढून स्वतःलाच मेल करतो. बारशाच्या अल्बमवर पुन्हा विसंबायचं नाही.